चुन्याच्या सांध्यातील नेचे



नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुन्या विहिरींची, बारवांची आणि गढीकोटांच्या भिंतींची साफसफाई व्हावी, ही भावना अलीकडे गावोगाव बळावत आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. ज्या भागावर अशी वेळ येऊन गेली, त्या भागाने बुजत चाललेल्या विहिरींकडे पुन्हा वळून पाहावे, हे स्वाभाविकच होय.

परंतु सफाईच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी एक गोष्ट घडते. दोराला धरून खाली उतरलेला माणूस भिंतीवरचे दिसेल ते हिरवे खुरप्याने खरवडू लागतो. पिंपळाच्या रोपापाशी आल्यावर मात्र त्याचा हात थांबतो. पिंपळ पूज्य; त्याला हात कसा लावावा? सबब पिंपळ राहतो आणि दगडांच्या सांध्यांतून डोकावणारे, पिसासारख्या पानांचे नेचे कचरा म्हणून खाली पडते. पाठोपाठ सांध्यांवर सिमेंटचा थर चढतो आणि काम उत्तम झाले असे सर्वांना वाटते. भिंतीच्या हिताच्या दृष्टीने पाहिले तर येथे नेमका उलटा न्याय झालेला असतो. ज्याला काढावयास हवे होते ते राहिले आणि ज्याचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते ते गेले. ते म्हणणे कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नेच्याची ओळख

मराठीत ‘नेचे’ हे एकच नाव अनेक वनस्पतींना लावले जाते. त्यांना फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानांच्या मागे धुळीसारखे बारीक बीजाणू तयार होतात आणि त्यांच्यापासूनच वंश चालतो. जुन्या चुनेगच्ची भिंतींवर आढळणाऱ्या ज्या नेच्याविषयी हे विवेचन आहे, त्याचे शास्त्रीय नाव टेरिस व्हिट्टाटा असे आहे. हे नाव कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली दिले. ‘व्हिट्टाटा’ म्हणजे पट्टे असलेले.

या नेच्याचे पान ओळखण्यास सोपे आहे. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना लांब, अरुंद, पात्यासारख्या पर्णिका शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे लागलेल्या असतात. देठाकडे त्या आखूड होत जातात आणि शेंड्याला एक लांब पर्णिका एकटीच पुढे येते. चांगल्या मातीत हे पान हातभर किंवा त्याहूनही लांब होते; भिंतीच्या सांध्यात ते वीतभरच राहते. नवे पान गोगलगायीच्या शंखाप्रमाणे गुंडाळलेले असते व हळूहळू उलगडते. पर्णिकेची कड खालच्या बाजूस किंचित दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली बीजाणूंची तपकिरी रेघ सलग गेलेली असते. बागेतील कुंड्यांत जे नेचे हौसेने लावतात, त्याच्या पानामागे अशी रेघ नसून सुटे ठिपके असतात. एवढा भेद ध्यानात ठेवला तरी दोहोंची गल्लत होत नाही.

याच्या शेजारी आणखी काही मंडळी भेटतात. जेथे पाणी सतत ठिबकते तेथे काळ्या, चकचकीत, केसासारख्या देठांचा आणि पंख्यासारख्या नाजूक पर्णिकांचा हंसराज असतो. कोरड्या, उन्हाच्या भिंतीवर चिमुकल्या ताडाच्या पानासारखी मयूरशिखा दिसते. टेरिस या दोघांच्या मधले होय. त्याला ओल हवी; पण थोडे ऊन व थोडी कोरड ते सोसू शकते. उन्हाळ्यात पाने वाळली तरी सांध्यातील आखूड खोड जिवंत राहू शकते आणि पावसाच्या सरींबरोबर पुन्हा फुटते.

भारताबरोबरच आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया खंडांच्या उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत हे नेचे मूळचेच आहे. त्याची आवडती जागा म्हणजे चुनखडीचा खडक. आता प्रश्न असा की, काळ्या दगडाच्या मराठवाड्यात चुनखडी आली कोठून?

काळ्या दगडाच्या प्रदेशातील चुना

नांदेड-लातूरचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्हारसाचे हे थर होत. नांदेडच्या पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे त्यांच्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडला आहे. चुनखडकाचे मोठे साठे पाहावयाचे तर पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्याच्या वणी भागात किंवा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जावे लागते.

तथापि काळ्या दगडातही चुन्याचा अंश असतोच. दगड झिजतो तेव्हा तो अंश पाण्यात विरघळून जमिनीत उतरतो आणि काळ्या मातीच्या थरांत पांढरट खड्यांच्या रूपाने पुन्हा साचतो. शेतकरी त्याला चुनखड म्हणतो आणि नांगराला लागली की कपाळाला आठ्या घालतो. जुन्या काळच्या गवंड्याला मात्र तीच चुनखड मोलाची होती. ती वेचून भट्टीत भाजली, विरवली, वाळू व विटांची सुरखी मिसळून घाणीत मळली, की बांधकामाचा चुना तयार होई. बैलांनी ओढलेले दगडी चाक गोल चरातून फिरे आणि तो चुना लोण्यासारखा मऊ होई. काही जुन्या वास्तूंच्या जवळ घाणीचे ते गोल चर आणि ती चाके आजही पडलेली दिसतात.

या क्रियेतील रसायनशास्त्र शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे. चुनखड सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना दगडांच्या सांध्यात भरला म्हणजे हवेतील तोच वायू महिनोन् महिने, वर्षानुवर्षे शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. अर्थात गवंड्याने जेथे दोन दगडांमध्ये चुना भरला, तेथे त्याने नकळत चुनखडकाची एक पातळ चीर निर्माण केली. वाऱ्यावर उडत आलेल्या बीजाणूला डोंगर आणि भिंत यांतला भेद कळत नाही. चुना आहे, ओल आहे, सावली आहे, एवढे त्याला पुरते. जेथे चुनखडीचा डोंगर नाही तेथे माणसाच्या हाताने त्याला घर मिळाले, ते असे.

कंधारचा भुईकोट, औसा व उदगीर येथील कोट, नांदेडला गोदावरीकाठची जुनी बांधकामे, किंवा कोणत्याही गावातील चुन्यात बांधलेली विहीर पाहताना वाटसरूने अशा सांध्यांकडे एकवार नजर टाकावी. हे नेचे शोधण्याची जागा तीच आहे.

ओलाव्याचा साक्षीदार

नेच्याच्या जीवनक्रमात एक टप्पा असा आहे की तेथे पाण्यावाचून त्याचे चालतच नाही. बीजाणू रुजला की त्यापासून एकदम नेचे उगवत नाही. आधी नखाएवढे किंवा त्याहूनही लहान, हृदयाच्या आकाराचे एक हिरवे पातळ पापुद्र्यासारखे रोप तयार होते. त्यावरच नर व मादी पेशी असतात. नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जाते, तेव्हा कोठे नव्या नेच्याचा आरंभ होतो. म्हणून भिंतीवरील प्रत्येक नेचे हे एका गोष्टीची साक्ष देत असते की, या जागी केव्हातरी पुरेसे दिवस पाण्याचा पापुद्रा टिकून राहिला होता.

भिंतीची पाहणी करणाऱ्याला ही साक्ष फार उपयोगाची आहे. कोटाच्या भिंतीवर उंच जागी, जेथे ओल असण्याचे कारण नाही तेथे नेच्यांचा झुबका दिसला, तर वरच्या गच्चीचा उतार बिघडला असेल, पन्हळ बुजली असेल, किंवा भिंतीच्या पोटात पाणी मुरत असेल, असा संशय घ्यावा. विहिरीत एकाच पातळीवर नेच्यांची ओळ दिसली आणि पावसाळा सरल्यावरही ती हिरवी राहिली, तर त्या पातळीवर पाझर असण्याचा संभव आहे. नेचे खरवडले म्हणजे पाणी थांबत नाही. पाण्याची खूण तेवढी पुसली जाते.

सिमेंटचा थर चढवल्याने तर प्रश्न अधिकच बिकट होतो. चुन्याचा सांधा ओल आत घेतो आणि बाहेरही टाकतो. सिमेंट त्या मानाने कठीण व बंद असते. पोटात अडकलेले पाणी दुसरी वाट शोधते, क्षार साचतात, आतला जुना चुना भुसभुशीत होतो आणि काही वर्षांनी तो थरच पोपडा होऊन सुटतो. विहिरीच्या बाबतीत आणखी एक तोटा आहे. विहिरीचे पाणी तळाप्रमाणेच भिंतीच्या सांध्यांतूनही येते. सांधे सरसकट बंद केले तर पाझर अडतो. भर पावसात भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि बांधकाम आत फुगते. पाण्यासाठी विहीर दुरुस्त करावयाची आणि दुरुस्तीनेच पाणी अडवावयाचे, असा हा व्यवहार होतो.

फ्लोरिडातील शोध

हे नेचे भारतातून पाहिले तर घरचे. अमेरिकेत मात्र ते बाहेरून आलेले. तरीही त्याचा सर्वांत विलक्षण गुण प्रथम तेथे उजेडात आला. फ्लोरिडा राज्यात लाकूड टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायने वापरली जात असलेली एक जागा होती. तेथील माती विषारी झाली होती. त्या मातीत ज्या वनस्पती तग धरून होत्या, त्यांची तपासणी फ्लोरिडा विद्यापीठातील लीना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तेव्हा असे आढळले की टेरिस व्हिट्टाटा हे नेचे जमिनीतील आर्सेनिक, म्हणजे सोमलातील विषारी मूलद्रव्य, शोषून आपल्या पानांत साठवते. २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. पानांतील साठा वाळलेल्या वजनाच्या सुमारे २.३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असे त्यात दाखवले होते. एवढे आर्सेनिक पोटात घेऊन हिरवेगार राहणारी वनस्पती तोवर विज्ञानाला परिचित नव्हती.

आर्सेनिकाचे एक रूप फॉस्फेटसारखे असते. मुळे फॉस्फेट ज्या वाटेने आत घेतात त्याच वाटेने ते आत शिरते. इतर झाडांना ते बाधते. हे नेचे मात्र त्याचे रूप पालटून पानांच्या पेशींतील पोकळ्यांत त्याला कोंडून ठेवते. असे विषारी पान नाकतोडे खाण्याचे टाळतात, असेही पुढील प्रयोगांत दिसून आले. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून होणारी आर्सेनिकबाधा १९८० च्या दशकाच्या आरंभी उघडकीस आली होती. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही आर्सेनिकाची मर्यादा मानली जाते, यावरून या विषाची तीव्रता ध्यानात येईल. दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी या नेच्याची लागवड करून पाने वेळोवेळी कापून न्यावीत, या दिशेने तेव्हापासून अनेक देशांत प्रयोग झाले आहेत.

या माहितीचा मराठवाड्यापुरता अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. भिंतीवर नेचे उगवले म्हणजे त्या पाण्यात आर्सेनिक आहे, असा अर्थ मुळीच नाही. ते चुन्यासाठी व ओलीसाठी उगवले आहे. तसेच विहिरीत नेचे आहे म्हणून पाणी आपोआप शुद्ध होते, असेही नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात भूजलातील फ्लोराइडचा प्रश्न आहे; नेच्याच्या आर्सेनिक साठवण्याच्या गुणाचा त्याच्याशी संबंध जोडू नये. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे प्रयोगशाळेतील तपासणीनेच ठरते. आणि जी वनस्पती विष साठवू शकते तिची पाने औषध म्हणून खाऊ नयेत, की जनावरांपुढे टाकू नयेत.

दुरुस्तीचा क्रम

मग गावाने करावयाचे काय? प्रथम, वास्तू संरक्षित आहे काय याची खातरजमा करावी. राज्य शासनाने संरक्षित केलेल्या वास्तूंना १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम लागू आहे. अशा ठिकाणी पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीशिवाय एक दगडही हलवू नये. केंद्राच्या संरक्षणाखालील वास्तूंसाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे.

गावाच्या स्वतःच्या विहिरीचे काम असेल तर पाहणी पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात करावी. तेव्हा भिंतीवरची हिरवळ पूर्ण दिसते. कोणत्या सांध्यात काय उगवले आहे याची छायाचित्रे काढून पातळीनुसार नोंद ठेवावी. हीच नोंद पुढे पाझर कोठे आहे ते सांगेल. वर्षानुवर्षे न वापरलेल्या विहिरीत आतील हवा श्वासास योग्य असल्याची खात्री झाल्याखेरीज कोणासही उतरू देऊ नये.

नंतर काढावयाची ती झाडे काढावीत. पिंपळ, वड, उंबर यांची मुळे वर्षागणिक जाड होतात आणि पाचरीसारखी दगड फाकवतात. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढले तर काम सोपे जाते. ज्यांना पिंपळ तोडणे अयोग्य वाटते त्यांच्या भावनेचाही मान राखता येतो. ते रोप मुळांसह सोडवून गायरानात किंवा देवळामागच्या मोकळ्या जागेत लावावे. तेथे ते शंभर वर्षे सावली देईल. भिंतीत राहिले तर भिंतही जाईल आणि अखेरीस तेही. झाड मोठे झालेले असल्यास ते ओढून काढू नये. मुळांबरोबर दगड निखळतात. अशा वेळी जाणकाराचा सल्ला घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत तणनाशक तर कदापि वापरू नये.

नेच्याची मुळे बारीक तंतूंसारखी असतात. पिंपळाप्रमाणे दगड फाकवण्याचे बळ त्यांत नाही. मात्र ती धूळ व ओल धरून ठेवतात, हेही खरे. म्हणून जेथे सांधा पोकळ झाला आहे तेथे नेचे अलगद काढून, सांधा साफ करून चुन्यानेच भरावा आणि काही दिवस गोणपाटाने ओला राखावा. हेमाडपंती पद्धतीच्या बारवांत दगड चुन्यावाचून एकमेकांत बसवलेले असतात. तेथे सांधे भरण्याच्या फंदात पडूच नये. आणि जेथे सांधा घट्ट आहे तेथे नेच्याला राहू द्यावे. त्याला तेथून हुसकावल्याने भिंतीचा काही लाभ होत नाही.

शाळा आणि नोंदवही

शिक्षकांसाठी तर ही भिंत म्हणजे बिनखर्चाची प्रयोगशाळाच होय. गळून पडलेल्या चुन्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. चुनखडीची ओळख मुलांना एका थेंबात होते. नेच्याचे पिकलेले पान पांढऱ्या कागदावर ठेवून वर पुस्तक ठेवले तर एकदोन दिवसांत बीजाणूंची रेघ कागदावर उमटते. तीच पूड ओल्या विटेच्या तुकड्यावर शिंपडून तो काचेच्या झाकलेल्या बरणीत सावलीला ठेवावा. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येते आणि पुढे भिंगाखाली ती हृदयाकृती रोपे दिसू लागतात. बी नसलेली वनस्पती कशी वाढते, हे पाठ करण्यापेक्षा पाहिलेले अधिक टिकते. पान हाताळल्यावर हात धुण्याची सवय मात्र मुलांना लावावी.

पंचायतींच्या हाती याहून मोठे साधन आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत शेतातील वाण येतात, रानातील झाडे येतात, पशुपक्षी येतात. विहिरीची भिंत मात्र सहसा कोणाला आठवत नाही. नेचे, हंसराज, मयूरशिखा यांना तेथे एकेक ओळ मिळावी. कोणत्या विहिरीत, कोणत्या बाजूस, कोणत्या महिन्यात हिरवे दिसले, एवढे लिहिले तरी पुरे. नावाविषयी शंका असल्यास जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना दाखवावा. अशी नोंद चार-पाच वर्षे नेमाने ठेवली तर गावाच्या भूजलाच्या चढउताराचा तो एक साधा दाखला होईल.

चुना मळणारे गवंडी आता थोडे उरले आहेत आणि चुन्याच्या भिंती तर नव्याने कोणी बांधत नाही. म्हणजे या प्रदेशात नेच्याला लाभलेले हे घर वाढणारे नाही. आहे तेवढेच आहे. पुढच्या सफाईच्या दिवशी खुरपे घेऊन विहिरीत उतरणाऱ्याला हे आधी सांगून ठेवावे. पिंपळ सोडवून वर द्यावा, नेच्यापाशी थांबून सांधा बोटाने चाचपावा आणि आत चुना घट्ट लागला तर पुढे सरकावे.